चौसष्ट घरं, भरलेली आठ

मानसशास्त्राच्या गाइडमध्ये मनोविश्लेषक एरिक एरिक्सन भेटतो तो आयुष्याच्या आठ अवस्थांच्या तक्त्यातून. आठ ओळी, तीन रकाने: वय, संघर्ष, फलित. पहिल्या वर्षी विश्वास विरुद्ध अविश्वास. तिसऱ्या वर्षापर्यंत स्वायत्तता विरुद्ध लाज आणि शंका. मग पुढाकार की अपराधभाव, उद्यमशीलता की न्यूनभाव, अस्मिता की गोंधळ, जवळीक की एकाकीपण, जोपासना की साचलेपण आणि म्हातारपणी एकसंधता की वैफल्य. बी.एड.ची मुलं हे परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करतात आणि पेपर झाला की विसरतात. त्यात त्यांचा दोष नाही. तक्ता छापलाच जातो लसीकरणाच्या कार्डासारखा. बीसीजी झाली, गोवर झाली, विश्वास झाला, स्वायत्तता झाली. तारीख टाका, पुढच्या डोसला या.

एरिक्सनचा मूळ तक्ता असा नव्हताच. १९५० साली 'चाइल्डहूड अँड सोसायटी' आलं, त्यातली आकृती आठ गुणिले आठची आहे, बुद्धिबळाच्या पटासारखी. डावीकडच्या तळाच्या कोपऱ्यातून उजवीकडच्या वरच्या कोपऱ्याकडे तिरपी रेघ जाते, आणि त्या रेघेवरची आठ घरं तेवढी भरलेली आहेत. उरलेली छप्पन्न कोरी. पुढे पाठ्यपुस्तकांनी ती आठ उचलली, एकाखाली एक लावली आणि पट फेकून दिला. शिडी तयार झाली, आणि शिडी म्हटली की वर कोण चढलं, खाली कोण राहिलं हे आलंच.

पट वाचायचा कसा, ते आधी पाहू. आडवी ओळ म्हणजे वय आणि उभा रकाना म्हणजे प्रश्न. विश्वासाचा प्रश्न पहिल्या वर्षी ऐरणीवर येतो, म्हणून पहिल्या, म्हणजे सगळ्यात खालच्या, ओळीतलं पहिलं घर भरलेलं. पण तो रकाना तिथे संपत नाही, वर थेट आठव्या ओळीपर्यंत जातो. तसंच अस्मितेचा रकाना पौगंडावस्थेत उगवत नाही. तो खाली तान्ह्या वयापर्यंत उतरलेला असतो. ही कल्पना एरिक्सनने गर्भविज्ञानातून घेतली. गर्भात प्रत्येक अवयवाची जोमाने वाढण्याची एक वेळ ठरलेली असते. त्या वेळेआधीही तो बीजरूपाने असतो आणि नंतरही वाढत राहतो, पण ती वेळ हुकली तर त्याच्याबरोबर पुढच्यांचीही घडण बिघडते. मनोगतिक विचाराचा, म्हणजे फ्रॉइडपासून निघालेल्या आणि मनातल्या ओढाताणीला धरून चाललेल्या विचाराचा, सगळा भर यावरच आहे. आधीचं मागे पडत नाही, ते आत राहून काम करत असतं. फ्रॉइडच्या पाच अवस्था वयात येण्यापाशी थांबल्या होत्या. एरिक्सनने त्यांना पुढे म्हातारपणापर्यंत वाट करून दिली.

'विरुद्ध' या शब्दाने आणखी एक घोटाळा केला. वाचणाऱ्याला वाटतं, डावीकडचा शब्द जिंकायला हवा. एरिक्सनचं म्हणणं प्रमाणाचं होतं. विश्वासाचं पारडं जड हवं, पण अविश्वास शून्यावर आला तर ते मूल रस्त्यावरच्या कोणाच्याही मागे जाईल. लाज अजिबात नसलेला माणूस स्वायत्त नसतो, निर्लज्ज असतो; मराठीला हा फरक चांगला कळतो. १९६३च्या सुधारित आवृत्तीत एरिक्सनने मुद्दाम टीप जोडली की अवस्था म्हणजे एकदा कमावली की कायमची खिशात राहणारी मिळकत नव्हे, आणि तसं वाचणं हे यशाच्या वेडाची सावली बालविकासावर पाडणं आहे. ती टीप गाइडमध्ये येत नाही.

कोऱ्या घरांत काय असतं, हे पाहायला दुसरा रकाना घेऊ: स्वायत्तता, लाज, शंका.

दीड-दोन वर्षांच्या सुमाराला मुलाला मलमूत्र रोखणारे स्नायू हळूहळू हुकमात येऊ लागतात. त्याच सुमाराला मूठ घट्ट धरणं आणि वस्तू सोडून देणंही जमतं. धरायचं की सोडायचं, हा त्या वयाचा एकमेव राजकीय प्रश्न. पोरगं चमचा धरतं, सोडतं, तुम्ही उचलून देता, पुन्हा सोडतं. हा खोडसाळपणा नाही, सराव आहे. शू-शीची सवय लावताना बिघडतं ते दोन ठिकाणी. एक, स्नायू तयार नसताना घाई केली जाते; मग मुलाला जे जमूच शकत नाही, त्याची जबाबदारी त्याच्यावर येते. दोन, चूक झाल्यावर ती चारचौघांत बोलली जाते. पाहुणे बसलेत आणि कोणीतरी हसत सांगतं, 'आज आमच्या सोनूने काय केलं माहितीये?' एरिक्सनच्या मते लाज म्हणजे तयारी नसताना बघितलं जाणं. चड्डी खाली आहे आणि सगळे बघताहेत. त्या वेळी मुलाला आधी बघणाऱ्यांचे डोळे नाहीसे व्हावेत असं वाटतं, आणि ते जमत नाही म्हणून आपणच नाहीसे व्हावं असं वाटतं. असं वारंवार झालं की मूल स्वतःवर आधीच पहारा बसवतं. सगळं रांगेत, मोजून, पुन्हा पुन्हा. पुढे एरिक्सनने प्रत्येक अवस्थेला एकेक मूळ विकार जोडला, तेव्हा या अवस्थेसमोर त्याने सक्तीची वागणूक लिहिली, ती याच कारणाने.

याच वयात आणखी एक गोष्ट घडते आणि तिचा अर्थ घरोघरी उलटा लावला जातो. चालायला लागलेलं मूल काही महिने जग जिंकल्यासारखं फिरतं, आईकडे वळूनही बघत नाही. मग दीड वर्षाच्या आसपास अचानक पदर सोडत नाही. आई मोरीत गेली तरी दाराशी बसून रडतं, जवळ घेतलं की ढकलतं, ढकललं की पुन्हा रडतं. घरातली माणसं म्हणतात, 'आता कुठे मोठा झाला होता, पुन्हा बाळ झाला.' मनोविश्लेषक मार्गारेट मालर आणि तिच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये आया आणि मुलं एकत्र बसवून वर्षानुवर्षं हेच टिपलं. साधारण १५ ते २४ महिन्यांच्या या काळाला तिने पुन्हा जवळ येण्याचा टप्पा म्हटलं. मूल मागे गेलेलं नसतं. आपण आईपासून वेगळे आहोत हे त्याला पहिल्यांदा नीट कळलेलं असतं, आणि त्याचीच भीती बसलेली असते. इथे आई वैतागून दूर झाली तर चिकटणं वाढतं, आणि धसका घेऊन तिने मुलाला सोडलंच नाही तर सुटणं लांबतं. या दोन्हींच्या मध्ये जे करायचं असतं त्याला शहाणपणापेक्षा मुक्काम लागतो: आई जागची हलत नाही, मूल ये-जा करतं. (तान्ह्या बाळाला आपण आणि आई वेगळे हे कळतच नाही, असं मालरने आधीच्या महिन्यांबद्दल म्हटलं होतं. तान्ह्या मुलांचा अभ्यासक डॅनियल स्टर्न याने १९८५ साली ते खोडून काढलं आणि ते बरोबर केलं. दीड वर्षाचं तिचं निरीक्षण मात्र आजही कोणत्याही चाळीत पडताळता येतं.)

आता तोच रकाना धरून सरळ वर जाऊ. आठवी ओळ, दुसरा रकाना. एरिक्सनच्या पटावर हे घर कोरं आहे. पण पंच्याऐंशीच्या माणसाच्या घरात तेच सगळ्यात भरलेलं घर असतं. रात्री उठताना उशीर होतो, पायजमा ओला होतो. खोलीत कमोडची खुर्ची येते, मग डायपर. पासबुक मुलाकडे जातं, 'तुम्हाला कशाला त्रास' म्हणून. धरणं-सोडणं पुन्हा सुरू झालेलं असतं, या वेळी उलट्या दिशेने. हात धरत नाही, स्नायू धरत नाही, पैसाही धरता येत नाही. अशा वेळी म्हातारा माणूस चिडका, हट्टी, संशयी होतो आणि 'साठी बुद्धी नाठी' म्हणून घर मोकळं होतं. खरं तर तो दोन वर्षांच्या वयातली लढाई पुन्हा लढत असतो, त्याच दोन शत्रूंशी: लाज आणि शंका. उपायही तेच राहतात. दार लावून घ्या. हात लावण्याआधी विचारा. अपघात झाला तर तो फोनवर बहिणीला सांगू नका, निदान त्यांच्या कानावर पडेल असा नको. आणि जे अजून धरता येतं ते त्यांच्याच हातात राहू द्या: गोळ्यांचा डबा, कपाटाची किल्ली, भाजीवाल्याला द्यायचे सुटे पैसे. पाच मिनिटांच्या जागी पंधरा लागतील, लागू द्या.

हे घर भरलं एरिक्सनच्या बायकोने. आयुष्याच्या आठ अवस्थांचा आराखडा दोघांनी मिळून केला होता, नाव त्याचं लागलं. १९९४ साली तो गेला. त्यानंतर नव्वदी ओलांडलेल्या जोन एरिक्सनने 'द लाइफ सायकल कम्प्लीटेड' या त्याच्या पुस्तकाच्या १९९७च्या वाढीव आवृत्तीत नववी अवस्था लिहिली. ऐंशीनंतरच्या शरीरात राहून पाहिल्यावर तिला दिसलं की आधीचे सगळे प्रश्न पुन्हा उठतात आणि या वेळी नकारातलं टोक पुढे असतं. म्हणून तिने जोड्यांचा क्रमच उलटा लिहिला: अविश्वास आधी, मग विश्वास. लाज आधी, मग स्वायत्तता. ऐंशीच्या घरात असताना नवराबायकोंनी शहाणपणाबद्दल जे लिहिलं होतं, ते तिला आता जरा गुळगुळीत वाटत होतं. असं कबूल करायला धाडस लागतं.

एरिक्सनने स्वतः तिरप्या रेघेबाहेरची घरं नावं देऊन भरली ती एकाच ओळीची आणि एकाच रकान्याची. दोन्ही पाचवे, दोन्ही अस्मितेचे. १९६८च्या पुस्तकातल्या पटावर पाचवी ओळ डावीकडून उजवीकडे पूर्ण लिहिलेली आहे. का तीच, याचं उत्तर त्याच्या जन्मदाखल्यात आहे. १९०२ साली फ्रँकफर्टला जन्म. आई डॅनिश ज्यू, बाप कोण ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. आईने पुढे मुलाच्या डॉक्टरशी लग्न केलं आणि पोर होमबुर्गर या आडनावाने वाढलं. उंच, सोनेरी केसांचं, ज्यूंच्या प्रार्थनाघरात परकं आणि शाळेत ज्यू. १९३९ साली अमेरिकेचं नागरिकत्व घेताना त्याने आडनाव घेतलं एरिक्सन, म्हणजे एरिकचा मुलगा. स्वतःच्याच नावापासून स्वतःचा बाप बनवलेला माणूस अस्मितेचा रकाना कोरा ठेवील कसा?

त्या पाचव्या ओळीतली दोन घरं पुण्यातल्या सदाशिव पेठेत जाऊन वाचावीत. पहिल्या रकान्यात एरिक्सन लिहितो: काळाचं भान विरुद्ध काळाचा गोंधळ. चौथ्यात: उमेदवारी विरुद्ध कामाचा लकवा. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा पंचवीस-सव्वीसचा मुलगा अभ्यासिकेत सकाळी सातला जागा पकडतो, पुस्तक उघडतो आणि दुपारपर्यंत त्याच पानावर असतो. आळस म्हणावा तर तो बारा तास तिथून हललेला नाही. पूर्व, मुख्य, मुलाखत. निकाल लांबला, जाहिरात पुढे गेली. वर्षं 'अटेम्प्ट'मध्ये मोजली जातात. पहिल्या रकान्यातला मूळ विश्वास असा असतो की थांबलं तर मिळतं, भूक लागली तर दूध येतं. ज्याचं थांबणं वारंवार वाया जातं त्याचा तोच विश्वास झिजतो आणि काळ एकतर पळतो नाहीतर गोठतो. पान उलटत नाही त्याचं कारण इथे असतं, त्या विषयात नसतं.

एरिक्सनच्या भाषेत तरुणाला समाजाकडून एक सवलत मिळायला हवी: थोडा काळ, ज्यात भूमिका घालून पाहता येतात, उतरवता येतात आणि कोणी हिशेब मागत नाही. पेठेतली पाच वर्षं अशी सवलत वाटतात, पण नसतात. तिथे मुलगा थांबलेला आहे, पण एकाच भूमिकेच्या दारात. दुसरी कुठली घालून पाहिली तर 'प्लॅन बी करतोय, म्हणजे सीरियस नाही.' मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्शियाने १९६६ साली अस्मितेच्या चार स्थिती मांडल्या त्या दोनच प्रश्नांवर: शोधाशोध केली का, आणि कशाला बांधून घेतलं का. शोध नाही पण बांधिलकी पक्की, याला त्याने आधीच मिटलेली अस्मिता म्हटलं. बापाने दहावीला ठरवलेलं इंजिनिअरिंग, पत्रिका पाहून ठरलेलं लग्न, सगळं सुरळीत. ही स्थिती वाईटच असते असं नाही. आपल्याकडे तीवर पिढ्यान्‌पिढ्या संसार उभे राहिलेत. बिघडतं ते पंचेचाळिशीत, सातव्या ओळीत, पाचव्या रकान्यात. त्या वेळी घरात सोळा वर्षांचं पोर म्हणतं, मला मेडिकल नको, ॲनिमेशन करायचंय, आणि बापाचा राग प्रसंगाच्या दसपट असतो. मुलाच्या प्रश्नाने बापाचा न विचारलेला प्रश्न जागा झालेला असतो. एरिक्सन याला दात्यांच्या चाकांची उपमा द्यायचा: एका पिढीचं चाक दुसऱ्या पिढीच्या चाकात अडकून फिरतं. मुलाचं चाक वेगळं काढून दुरुस्त करता येत नाही.

सातव्या ओळीतलं मूळ घर म्हणजे जोपासना. पुस्तकांत कधी कधी याला 'सर्जनशीलता' म्हणतात, ते चुकीचं आहे. नवं सुचणं हा याचा गाभा नाही. आपल्यानंतर येणाऱ्यांची काळजी वाहणं, मग ती मुलं असोत, विद्यार्थी असोत, एखादी संस्था असो. याची सगळ्यात मोठी तपासणी एरिक्सनने केली ती आपल्या देशात. १९६२ साली, साठीत, तो अहमदाबादला आला आणि तिथे त्याला १९१८च्या गिरणी संपाची साक्षीदार माणसं भेटली. संप ३५ टक्के वाढीसाठी होता. गिरणीमालक अंबालाल साराभाई एका बाजूला, त्यांचीच बहीण अनसूयाबेन मजुरांच्या बाजूला, आणि मध्ये ४८ वर्षांचे गांधी, तीन दिवसांच्या उपासाला बसलेले. याच अहमदाबादेत तरुण सुधीर कक्कर त्याला भेटला आणि पुढे मनोविश्लेषक झाला. कक्करने १९६८ साली आपल्या आश्रमव्यवस्थेची आणि या आठ अवस्थांची सांगड घालून दाखवली. सांगड सुंदर बसते, पण ती जपून घ्यावी. आश्रम सुरू होतात मुंजीनंतर. पाळण्यातली वर्षं त्यात नाहीत, बाईसाठी वेगळी वाट त्यात नाही, आणि ज्यांची मुंजच होत नव्हती ते तर हिशेबातच नाहीत. एरिक्सनचा पट निदान पाळण्यापासून सुरू होतो.

गांधींवरचं ते पुस्तक १९६९ साली आलं, पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर मिळालं. पण पुस्तकाच्या मध्यावर एरिक्सन अडला होता. त्याने तिथे थेट गांधींना उद्देशून पत्र घातलं: कस्तुरबांशी, आश्रमातल्या मुलांशी तुमच्या वागण्यात जी कठोरता होती, तिला तुम्ही सत्य म्हणालात, आणि मला तिथे असत्याचा वास येतो. लाखो मजुरांचा बाप झालेला माणूस हरिलालचा बाप होऊ शकला नाही. हरिलाल मुंबईत १९४८ सालीच गेला, वडिलांनंतर काही महिन्यांत. एरिक्सनने सातव्या अवस्थेचा विकार म्हणून पुढे जो शब्द निवडला त्याचा अर्थ साधारण 'झिडकारणं' असा होतो: कोणाची काळजी वाहायची नाही, हे ठरवून टाकणं. जोपासनेला हे थोडं लागतंच, सगळ्यांना कोणी पुरत नाही. प्रश्न असतो रेघ कुठे मारली याचा.

त्याच्या स्वतःच्या घरातली रेघ १९९९ साली त्याचं चरित्र आलं तेव्हा उघड झाली. १९४४ साली एरिक्सन दांपत्याला चौथं मूल झालं, डाउन सिंड्रोम असलेलं. डॉक्टर आणि मित्रांच्या सल्ल्याने त्याला लगेच संस्थेत ठेवलं गेलं, आणि थोरल्या मुलांना सांगितलं की बाळ जन्मतःच गेलं. ते मूल पुढे वीसेक वर्षं जगलं. म्हणजे निकोप बालपणाचा आराखडा मांडणारं 'चाइल्डहूड अँड सोसायटी' लिहून झालं तेव्हा घरातलं एक मूल त्या आराखड्याबाहेर, दुसऱ्या पत्त्यावर होतं. हे वाचून त्याचा सिद्धान्त खोटा ठरवणारेही झाले. मला तसं वाटत नाही. गांधींना लिहिलेलं ते पत्र मात्र तेव्हापासून वेगळं वाचलं जातं. त्यातला राग अर्धा आतून आलेला असावा.

जोन विणकाम करायची, मण्यांचं कामही. १९८८ साली तिने एक पुस्तक लिहिलं, त्यात तिने हा पट रंगीत धाग्यांत विणलेला आहे. प्रत्येक प्रश्नाला एक रंग, तोच रंग ताण्यातही आणि बाण्यातही. ज्या घरात उभा आणि आडवा धागा एकाच रंगाचा, तिथे रंग भडक उमटतो, आणि ती आठ घरं तिरपी रेघ धरतात. बाकी ठिकाणी दोन रंग एकमेकांवरून जातात. ज्यांनी पैठणीचा धूपछाव पाहिला आहे त्यांना हे सांगायला नको: केशरी ताणा, हिरवा बाणा, आणि कापड दोन्ही रंगांचं नाही. कागदावर छप्पन्न घरं कोरी ठेवता आली होती. मागावर ती तशी ठेवता येत नाहीत, धागा तिथूनही जातो.